तूरेचे चर

त्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात ओढा आटला, तेव्हा साइमीनं त्यातले एकेचाळीस ट्राउट मासे बादलीतून खालच्या तळ्यात नेऊन सोडले. उरलेले डबक्यात तडफडून मेले. मासेमारी संघानं तिला स्पष्टच सांगितलं, की पुढच्या वर्षीही ओढा आटला तर वाचलेले मासे कायमचे दुसरीकडे हलवू आणि या ओढ्याचा नाद सोडू. साइमी याच ओढ्याकाठी जन्मली, इथंच सत्तरीला टेकली. तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

दोष कुणाचा, हे उत्तरेकडच्या थंड काइनू प्रांतातल्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून होते. वरची दलदल तूरे हेइकुराची. दलदल सुकून लाकूड वाढावं म्हणून पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतः यंत्र चालवून तिच्यात चर मारले, दोरी धरल्यासारखे सरळ. पूर्वी दलदल बर्फाचं पाणी पोटात धरायची आणि उन्हाळाभर थोडं थोडं सोडायची. चर पडल्यावर ते एका झपाट्यात पळून जाऊ लागलं. आता तर हिवाळ्यातच बर्फाऐवजी पाऊस पडतो, बर्फ महिनाभर आधी वितळतं, आणि जुलैत ओढ्यात नुसते धोंडे.

साइमीनं विचारल्यावर चर बुजवायला तूरेनं परवानगी दिली. "बुजवा. लाकूड तरी कुठं धड वाढलं?" एवढंच बोलून त्यानं दार लावलं.

सप्टेंबरात साइमीनं चरांत बांध घालायला श्रमदान बोलावलं. वाटाण्याचं सूप तिचं, फावडी ज्याची त्याची. अख्ख्या गावाला निरोप गेला, फक्त तूरेला नाही. माणसाला स्वतःची उमेदीची वर्षं स्वतःच्या हातानं पुरायला कसं बोलवायचं? पण त्या गावात श्रमदानातून वगळणं म्हणजे जिवंतपणी कुणाच्या नावानं आंघोळ करण्यासारखं.

श्रमदानाच्या दुसऱ्या दिवशी तूरे दलदलीत येऊन उभा राहिला, लालबुंद.

"सगळं गाव बोलावलंस. मी काय मेलो होतो?"

"तुझेच चर रे, तूरे. तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग कुणाला सांगणार होतीस? माझ्या कुत्र्याला?" त्यानं कालचा बांध बुटानं दाबून पाहिला. "आणि हा काय बांध आहे की उंबरठा? काठाच्या बरोबरीनं बांधलाय. पाणी बाजूनं वळसा घालून जाईल, तुम्हाला टाटा करत."

साइमी ओशाळली. "मग कसा हवा?"

"काठाहून दोन वीत उंच. आणि दोन्हीकडे दलदलीत लांबवर न्यायचा. पाण्याला चरात परतायची वाटच ठेवायची नाही. जन्मभर मी पाणी पळवलंय, ते कुठून पळतं हे मला विचारा."

शेजारच्या ओइवाला राहवलं नाही. "करून करून भागला आणि देवपूजेला लागला."

"लागलो," तूरे म्हणाला. "तू लाकडं आण."

गोठ्यातलं जुनं यंत्र त्यानं बाहेर काढलं. नऊ दिवसांत त्रेसष्ट बांध झाले. कोणता चर कुठं फुटतो, हे त्याला नकाशाविना ठाऊक होतं. शेवटच्या बांधावर तो बराच वेळ पाठ करून उभा राहिला. साइमीनं त्याच्या हातात सूपाचा वाडगा दिला.

पुढच्या जुलैत पाच आठवडे पावसाचा टिपूस नाही. पलीकडच्या खोऱ्यातले ओढे आटले. अशात एका दुपारी संघाचा माणूस गाडीत मोठे टब आणि जाळी घालून मासे न्यायला आला. साइमी रोज ओढा बघत होती, पण या माणसाला पटेल की नाही कुणास ठाऊक.

तो खाली उतरला आणि गुडघाभर पाण्यात गेला. बूट भरले. पाणी गार होतं आणि वाहत होतं. दगडाआडून त्यानं जाळीत काहीतरी उचललं, डोळ्यांजवळ नेलं. बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती.

"ही तर याच वर्षीची," तो म्हणाला. "तळ्यातले मासे वर येऊन इथंच अंडी घालतायत."

काठावर येऊन उभ्या तूरेनं टोपी काढून तोंड पुसलं. तो रडत होता आणि लपवतही नव्हता. साइमीला इतका आनंद झाला, की जरा खोडी काढल्याशिवाय तिला राहवेना.

"टबांवर धूळ बसलीय रे बाबा," ती संघाच्या माणसाला म्हणाली. "धुऊन ने. इथं पाण्याला तोटा नाही."

त्यानं खरोखरच टब धुतले आणि रिकामेच गाडीत चढवले.