खुली जागा कोणाची?

वॉर्ड खुला झाल्याची बातमी घेऊन पक्षाचे अध्यक्ष सकाळीच घरी आले आणि नगरसेविका बाईंच्या देखत त्यांच्या नवऱ्याला म्हणाले, "चष्मेवाले, आता तुमची पाळी! वहिनींची पाच वर्षं फार दगदग झाली. आता करू द्या त्यांना आराम."

चष्म्याच्या दुकानाचा मालक असलेला नवरा लाजत हसला. बाई आत गेल्या.

महिला आरक्षणातून त्या निवडून आल्या होत्या. पहिल्या सभेत माईक समोर आला, तर तो त्यांनी शेजारणीकडे सरकवला होता. पण पुढे त्यांनीच भांडून बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलं. टेकडीवरच्या वस्तीच्या नळाचं काम तेवढं अर्ध्यावर राहिलं होतं. ते आठवलं की जीव नुसता तुटायचा. पण बोलायचं कोणाजवळ? लोक म्हणतील, बाईला खुर्चीची चटक लागली!

सासूबाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, "वॉर्ड खुला झाला म्हणजे काय रे?"

"म्हणजे आता बायकांसाठी राखीव नाही."

"मग पुरुषांसाठी राखीव आहे?"

"तसं नव्हे गं आई. कोणीही उभं राहावं."

"मग हिचं नाव कोणी खोडलं? काम येणाऱ्या माणसाला घरी बसवून शिकाऊच्या हाती दुकान देशील का तू?"

त्याचा घास हातातच राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. "तुला उभं राहायचंय?"

"फार वाटतंय हो," बाई म्हणाल्या. "वस्तीवर नळ आलेला बघायचाय मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

तो खजील झाला. संध्याकाळी अध्यक्षांना त्याने स्पष्टच सांगितलं, "उमेदवार घरात आहे, पण तो मी नव्हे!"

अध्यक्षांनी कुरकुरत तिकीट दिलं. बाई थोडक्या मतांनी का होईना, निवडून आल्या.

निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत त्या गेल्या वेळच्या नगरसेविका मैत्रिणींना शोधत राहिल्या. त्यांचेही वॉर्ड खुले झाले होते, आणि त्यांच्या खुर्च्यांवर आता कोणाचा नवरा, कोणाचा दीर बसला होता. त्यातली एक अजून मंडईत भेटली की हात धरून विचारते, "आज सभेत काय झालं गं?"

वाचकहो, राखीव जागा बाईला दार उघडून देते. पण खुल्या जागेवर पुरुषांच्या नावाची पाटी कोणी लावलेली नाही! आपल्या घरातल्या बाईला काय वाटतं, ते एकदा विचारा तरी!