बेकरी शेवटी

बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, मुलीने आखलेल्या फेरीतलं दोन नंबरचं दुकान खोडलं आणि पार तळाशी, आठव्या जागी लिहिलं. ते दुकान म्हणजे बेकरी.

शीतगृहाच्या गाड्यांच्या फेऱ्या मुलगी आखायची आणि बाबा तिथेच सव्वीस वर्षं गाडी चालवत होते. धूर ओकणाऱ्या दोन डिझेल गाड्यांचं काम बॅटरीवरची एकच गाडी करू शकते, हे तिला आज दाखवायचं होतं. दूध, क्रीम, मशरूम, आठ दुकानं आणि एकदाच केलेलं चार्जिंग. गाडी वाटेत बंद पडली तर माल नासणार, आणि पुन्हा डिझेलच, असं मॅनेजरने बजावलं होतं.

बेकरी शेवटी नेली तर नऊ किलोमीटर वाढत होते आणि परतायला बॅटरी पुरत नव्हती. बाबा म्हणाले, सकाळी त्या चढावर ट्रक असतात. मग म्हणाले, ऊन डोळ्यांवर येतं. मग म्हणाले, सकाळचं क्रीम धक्क्याने फाटतं. हे मात्र सव्वीस वर्षं क्रीम वाहणाऱ्या माणसाला शोभत नव्हतं. तिने एकेक कारण मोडून काढलं.

"बरं ठमे, तू म्हणशील ती पूर्व दिशा," म्हणत ते स्टिअरिंगवर बसले. ती शेजारी बसली.

बेकरीसाठी तिने चार मिनिटं धरली होती. बेकरीवाल्या बाई कोपरापर्यंत पिठात होत्या आणि काउंटरपुढे गिऱ्हाइकांची रांग होती. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"आज सकाळीच?"

"नवीन प्लॅन आहे."

"म्हणजे आता दुपारी येणार नाही?"

बाबांनी सरळच असलेले क्रेट पुन्हा सरळ केले. मुलीचं लक्ष भट्टीमागच्या दोन खुर्च्यांकडे गेलं. एकीच्या पाठीवर बाबांचा मफलर होता. तो शोधायला तिने गेला महिनाभर घर पालथं घातलं होतं.

फेरी फत्ते झाली. माल चार अंशांवर पोचला, बॅटरी अकरा टक्के उरली, मॅनेजरने तिची पाठ थोपटली. तिला मात्र चैन पडेना. आई गेल्यापासून सहा वर्षांत बाबांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे एवढंच, तेही ताकाला जाऊन भांडं लपवत, आणि तिने त्यांच्याशी किलोमीटरवरून वाद घातला. तिला फार वाईट वाटलं. संध्याकाळी तिने एक फोन केला.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर बेकरी आठवी होती. पुढे लिहिलं होतं, चार्जिंग, चाळीस मिनिटं.

"नऊ किलोमीटर वाढले की," बाबा म्हणाले.

"बाईंच्या भट्टीमागे प्लग आहे. दुपारी भट्टी बंद असते, तेव्हा गाडी लावा म्हणाल्या."

बाबांनी कागदाची घडी केली, गाडीपर्यंत गेले आणि परत आले.

"आणखी काही म्हणाल्या?"

"गाडी नक्की येणार ना, असं विचारत होत्या. दोनदा विचारलं."