सुलक्षणाबाईंचा रेडिओ

घाटकोपरच्या त्या चाळीत कुणाचं काही अडलं की लोक सुलक्षणा उजगरेंचं दार ठोठावत. चाळीत ख्रिस्ती बिऱ्हाड त्यांचं एकच. पण बाई मनापासून प्रार्थना करतात आणि देवावर भार टाकून निवांत झोपतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याने, मधुकररावांनी, हौसेने रेडिओ आणला. घरात गाणी आली, घर कसं भरून गेलं. संध्याकाळची प्रार्थना आधी आटोपशीर झाली, मग 'आज राहू दे' झाली. त्यातच मुंबईत फ्लूची साथ आली आणि सुलक्षणाबाईंना बातम्यांचं वेडच लागलं. सकाळी, दुपारी, रात्री, एकही बातमीपत्र चुकायचं नाही. ऐकावं तितकी काळजी वाढे, आणि काळजी वाढली की पुन्हा ऐकावंसं वाटे.

त्यांची मुलगी शुभा मुलुंडला सासरी होती. दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बाईंनी तिला पत्र टाकलं, "साथ आहे, इकडे येऊ नकोस."

जुलै आला. साथ ओसरली. चाळीत महिनाभर कुणी आजारी नव्हतं. ओळखीच्या डॉक्टरांनीही सांगितलं, "आता खुशाल आणा मुलीला." शुभाचं उत्तर आलं होतं : "आई, मला तुझ्याजवळच यायचंय गं." पत्र उशीखाली ठेवून बाई म्हणाल्या, "अजून चार दिवस बातम्या ऐकू या."

मधुकरराव हळूच म्हणाले, "अगं, पूर्वी तू असं देवाला विचारायचीस."

बाईंना ते लागलं, तरी त्यांनी रेडिओचं बटण फिरवलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची जानकी आली. तिच्या मुलाची, सहदेवची, बस चालवायची परीक्षा होती.

"सुलक्षणाबाय, उद्या माझ्या झिलाची परीक्षा आसा. तुझ्या देवाक जरा सांग गो."

बाईंनी रेडिओ बंद केला, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या..." आणि पुढे काही सुचेचना. किती आठवडे झाले होते! जीभ चाचपडली आणि सवयीने बोलून गेली, "ठळक बातम्या..."

जानकीने एक डोळा उघडला. "म्हणजे काय गो? तुझो देव पण आता बातम्या ऐकूक लागलो काय?"

क्षणभर बाई ओशाळल्या. मग असं हसू फुटलं की दोघी भिंतीला टेकून हसत राहिल्या. हसता हसता बाईंचे डोळे भरून आले.

"नाही गं जानकी," त्या म्हणाल्या. "तो माझं ऐकायला बसला होता. मीच दुसरीकडे कान लावून बसले होते."

पुन्हा डोळे मिटले, तेव्हा शब्द आपोआप आले. आधी सहदेवसाठी, मग शुभासाठी, आणि शेवटी स्वतःच्या भित्र्या मनासाठी. जानकी उठून गेली तरी त्या बराच वेळ तशाच बसून होत्या. छातीवरचं ओझं कुणी तरी उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं.

सहदेव नापास झाला. जानकी म्हणाली, "होऊ दे. बसचो गेर बदलूक येत नाय, त्याक देव काय करतलो? शिकतलो मेलो."

आणि बाई? त्यांनी प्रार्थना केली त्याच संध्याकाळी मुलुंड गाठलं होतं. दारात शुभाला पाहून म्हणाल्या, "चल घरी. तुझी आई वेडी झाली होती, आता बरी झाली."

पुढच्या रविवारी पहाटे कळा सुरू झाल्या. सुईण आली, जानकीने बंबात पाणी तापवलं, मधुकरराव गॅलरीत येरझारा घालू लागले. आत सुलक्षणाबाई लेकीचा हात धरून लहानपणी शिकवलेली भजनं गुणगुणत होत्या. कळ आली की शुभा ओरडे, कळ ओसरली की एखादी ओळ आईबरोबर म्हणे.

"अगो, गाणारी बाळंतीण मी पयल्यांदाच बघतंय," जानकी म्हणाली.

ऊन जिन्यावर पोचलं तेव्हा नातीने पहिला टाहो फोडला. असा खणखणीत, की वरच्या मजल्यावरची माणसं खाली धावली. सुलक्षणाबाईंनी तो इवला, ओला जीव उराशी धरला आणि दारातल्या गर्दीला म्हणाल्या, "या, या, सगळे आत या! कोण आलंय बघा तरी!"