खोटा दाब

मी कॉफीची मशीन बोलतेय. घरात वापरायची, एस्प्रेसो काढणारी, पितळी पोटाची. माझ्या अंगावर एक दांडा, एक वाफेची तोटी, डोक्यावर एक झडप आणि समोर दाबाचा काटा आहे. माझ्या पोटात एक गोष्ट सात-आठ वर्षं अडकून पडली आहे. ती सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हीच ऐका.

माझा जन्म इटलीतला. साहेबांचा मेहुणा जहाजावर इंजिनियर होता. त्याने मला त्र्याऐंशी साली ट्रंकेतून आणलं आणि मी थेट धानोऱ्याच्या जंगलात येऊन पडले. साहेब एका बांबूच्या कंपनीचे मॅनेजर. बंगल्याच्या जेवणघरात मला कपाटावर मांडलं, पाहुण्यांना पहिल्यांदा मीच दिसावी अशी.

साहेबांना माझ्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. काटा जितका वर, तितकी कॉफी भारी, असा त्यांचा समज. तास तास मला तापत ठेवायचे. कॉफी जळून कडूजहर व्हायची, आणि पाहुणे घोट गिळून "वा वा" म्हणायचे. साहेबांचं मीठ खाणारा माणूस दुसरं काय म्हणणार!

मग देवराव आला. कंपनीच्या बांबू डेपोतला रोजंदारीवरचा मजूर, बंगल्यावर पाणी भरायला पाठवलेला. पाण्याची बादली खाली ठेवून तो माझ्यासमोर उभा राहिला आणि गावाकडचं माणूस भेटल्यासारखा हसला.

"अंजनाबाई, हे तं बायलर होय वो!" तो स्वयंपाकीणबाईंना म्हणाला.

"एवढुसं?"

"एवढुसं असन, पन बायलरच होय. मूल गावच्या राइस मिलमधी आठ वर्सं हेच केलं मी. उसन्या, म्हंजे उकड्या तांदळासाठी धान वाफवाचो."

मिल बंद पडली म्हणून तो जंगलात बांबू मोजत होता. त्याचे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, पोरगा शिकेल आणि खरं बोलताना खाली पाहणार नाही. देवराव दहावीपर्यंत शिकला. खाली पाहायला मात्र शेवटपर्यंत शिकला नाही.

त्याने मला जसं ओळखलं तसं मला घडवणाऱ्यांनीच ओळखलं असेल. अंजनाबाईंना तो समजावून सांगायचा. उघड्या पातेल्यात पाणी उकळलं की त्याहून जास्त तापत नाही, पण बंद पोटात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाबासोबत पाणीही जास्त तापतं. म्हणजे हा काटा दाखवतो दाब, पण सांगतो उष्णता. कॉफीतून पाणी दामटतो तो दाब वेगळा, तो माणसाच्या हाताचा, दांड्यावरचा.

"आन पयला दाब खोटा राह्यते बाई," तो म्हणायचा. "आतमधी हवा कोंडून राह्यते. काटा वर जाते, पन पानी तापलंच नसते. पयले हवा सोडाची, मंग काट्यावर इस्वास ठेवाचा."

तो तोटी उघडून आधी फुसफुस हवा जाऊ द्यायचा, काटा पडू द्यायचा, पुन्हा चढू द्यायचा. मग दांडा सावकाश ओढायचा. ती कॉफी प्यायल्यावर साहेबांनी पहिल्यांदा दुसरा कप मागितला. त्या दिवसापासून कॉफी देवरावच्या हातची आणि नाव साहेबांचं. कोणाच्या हातची आहे ते पाहुण्यांना कळू नये, म्हणून त्याला दाराआड थांबायला सांगितलेलं असे.

देवरावला त्याचं काही नव्हतं. त्याचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. कंपनी ब्रह्मपुरीला लाकूड सुकवायचं वाफेचं घर बांधत होती. तिथे खराखुरा बॉयलर येणार होता आणि त्यावर कायमचा माणूस हवा होता. "तुझं नाव मीच लिहिणार," असं साहेबांनी कबूल केलं होतं.

त्याच कामासाठी नागपूरहून मोठे साहेब आले. कॉफी पिऊन म्हणाले, "कोणी केली?"

"मीच," साहेब म्हणाले.

"मग माझ्यासमोर करा की."

साहेबांनी मला रिकामं करून गार पाणी भरलं. काटा चढताच दांडा ओढला. हवा काही सोडली नाही. कपात कोमट, आंबट पाणी उतरलं. मोठे साहेब हसले. आमचे साहेब चिडले आणि मला तापवतच सुटले. काटा लाल रेघेच्या पुढे गेला, जादा वाफ सोडायला माझी झडप उचलली गेली आणि मी किंचाळले. पाहुण्यासमोर हा तमाशा नको, म्हणून त्यांनी रुमालाची घडी करून झडप दाबून धरली. माझं पोट फाटायला आलं होतं!

"साहेब, सोडा! थे दाबू नका!"

देवराव दाराआडून धावला. त्याने साहेबांचा हात बाजूला लोटला आणि प्लग उपटला. सुटलेली वाफ सगळी त्याच्या उजव्या हातावर गेली. कातडी पांढरी पडली. तशातही त्याने मी निवेपर्यंत वाट पाहिली, पुन्हा तापवलं, तोटी उघडून हवा काढली आणि डाव्या हाताने कॉफी काढून दिली.

"हे सगळं तुला कसं माहीत रे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मूलले बायलरवर होतो जी."

"हाच माणूस द्या ब्रह्मपुरीला. लिहून पाठवा."

"हो, हो, पाठवतो," साहेब हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पत्र माझ्याच शेजारी बसून लिहिलं आणि मोठ्याने वाचून पाहिलं. "यंत्राची समज नाही. बंगल्यातील यंत्र हाताळताना स्वतःचा हात भाजून घेतला. बॉयलरच्या कामास अयोग्य." मोठ्या साहेबांनी त्याचं नावही विचारलं नव्हतं, आणि चेहरा कुठला लक्षात राहतोय! त्यांनी कागद पाहिला असेल आणि सही केली असेल.

देवराव चार महिने वाट पाहत राहिला. "पत्र येते बाई," तो पट्टी बांधलेला हात सांभाळत म्हणायचा. मी रोज ऐकायची आणि जळायची. शेवटी त्याने साहेबांना विचारलं.

"मी तर चांगलं लिहिलं होतं रे. वरूनच नाही आलं."

देवरावचे डोळे भरून आले. "तुमी लिवलं न साहेब, थेच लय झालं," म्हणाला, आणि त्याने त्यांना हात जोडले. जोडताना उजव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती.

काम सोडून जाण्याआधी त्याने माझ्यातलं पाणी काढलं, तोटी उघडी ठेवली, मला पुसलं. त्यानंतर मला कोणाला चालवताच आली नाही. साहेबांची बदली झाली तेव्हा सामानाची यादी करताना त्यांनी माझ्या दांड्याला एक चिठ्ठी बांधली आणि मी डेपोच्या कोठीत आले.

इथे बांबूच्या भुशात मी पडून आहे. माझी झडप, काटा, दांडा, सगळं शाबूत आहे. कधी ब्रह्मपुरीकडे, मूलकडे गेलात आणि वाकड्या बोटांचा देवराव भेटला, तर त्याला एवढंच सांगा, त्या माणसाला हात जोडू नकोस. आणि खरं वाटलं नाही तर त्याला इथे घेऊन या. चिठ्ठी अजून बांधलेली आहे. अक्षर त्या पत्रातलंच आहे, आणि लिहिलं आहे, "निकामी."