वाढणाऱ्याचं ताट

शाळेच्या भोजनगृहात वाढायचं काम करणाऱ्या बाईंना सगळी पोरं पळीमावशी म्हणत. मावशींचा स्वभाव तिखट, आवाज खणखणीत आणि हात सढळ. कुणी "मला जरा जास्त वाढा ना" म्हटलं की "जावई लागून गेलास का माझा?" असं उत्तर मिळे, आणि ताटात मात्र जास्तच पडे. त्यांच्या समोरून गेलेलं पोर भरल्या ताटावरून उपाशी उठलं, असं आजवर झालं नव्हतं. म्हणजे नवी येईपर्यंत.

नवीचं खरं नाव कुणाच्याच जिभेवर नीट बसेना, म्हणून ती नवी. परदेशातून आईबरोबर आलेली, तिसरीतली, अंगाने काडी पण चटपटीत. भाषा मोजकीच यायची, तरी गणितं पटापट सोडवायची आणि दोरीवरच्या उड्यांत भल्याभल्यांना हरवायची. जेवायच्या सुट्टीत मात्र तिचं काय बिनसायचं कोण जाणे. रांगेत उभी राहायची, वाढून घ्यायची, बाकावर जाऊन बसायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि नुसती बघत राहायची. भोजनगृह लहान, पहिली घंटा झाली की मोठ्या वर्गांची पोरं आत घुसत. तेव्हा नवी उठायची, भरलेलं ताट परत आणून ठेवायची आणि हळूच "थँक्यू" म्हणायची.

त्या थँक्यूने मावशींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"न जेवता आभार कसले मानते?" त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या हाताला चव नाही का?"

"इतकी वर्षं खातोय तुझ्या हातचं," नवरा म्हणाला. "मी कधी तक्रार केली?"

"तुमची हिंमत होती का?"

नवऱ्याने पेपर वर केला आणि विषय संपला. मावशींच्या मनातून मात्र तो जाईना. आधी राग होता, मग रागाची काळजी झाली. पोर दिवसेंदिवस सुकत चाललं होतं. दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचं.

सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मावशींना बोलावून घेतलं. बाई शिस्तीच्या असल्या तरी मनाने मऊ होत्या, आणि वाईट बातमी सांगायची असली की उगाच टेबलावरचे कागद सारखे करत बसायच्या.

"तिला आज मैदानात चक्कर आली," बाई म्हणाल्या. "जेवत नाही असं मूल मला दिवसभर शाळेत ठेवता येत नाही, मावशी. शुक्रवारपर्यंत बघायचं. नाहीतर दुपारी घरी पाठवावं लागेल."

"घरी कोण आहे तिचं?"

"कुणी नाही. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर असते, संध्याकाळी सुटते. ती म्हणाली, तसं झालं तर मुलीला आजीकडे परत पाठवते. मुलीचा मामा आलाय, रविवारी निघणार आहे. त्याच्याबरोबर."

"आणि आई?"

"आई इथेच राहील. काम सोडून कशी जाईल?"

मावशी तडक स्वयंपाकघरात परतल्या. म्हणजे आपल्या भोजनगृहातलं एक न खाल्लेलं ताट मायलेकींची ताटातूट करणार! त्यांना हा सरळ सरळ आपल्या डोक्यावरचा कलंक वाटला. पदर खोचून, म्हणजे एप्रनची गाठ करकचून आवळून, त्या कामाला लागल्या.

भूगोलाच्या सरांच्या वर्गात एक मोठा तक्ता होता. वेगवेगळ्या देशांतली मुलं शाळेत काय जेवतात, त्याची रंगीत छायाचित्रं होती त्यावर. कुठे कप्पे पाडलेलं ताट, कुठे घरून आणलेला डबा, कुठे झाडाखाली एकाच मोठ्या पातेल्यातून वाढलेली खिचडीसारखी लापशी, तर कुठे जाड पाव आणि फळाची फोड. एका देशात म्हणे मुलं दुपारी घरीच जेवायला जातात. "सुखी आहेत तिथल्या बायका," मावशी म्हणाल्या आणि सरांना नवीचा देश दाखवायला लावला. तिथल्या ताटात भात होता, वाफवलेला मासा, पातळ सूप आणि हिरवी भाजी.

"एवढंच ना?" मावशी म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी घरून छोटं पातेलं आणलं आणि नवीपुरतं सगळं वेगळं शिजवलं. मासा तुटू दिला नाही, भाजीचा रंग जाऊ दिला नाही. रांगेत उभं न करता तिला आधी बसवलं, सगळ्यांच्या आधी ताट समोर ठेवलं आणि हाताखालच्या दुसऱ्या बाईला वाढायला सांगून स्वतः कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

नवीने ताटाकडे पाहिलं. तिचे डोळे एकदम भरून आले. मावशींना वाटलं, जिंकले! पण हात मांडीवरचे हलेनात. नवीने मावशींकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं, परत मावशींकडे पाहिलं.

"खा गं बाळा," मावशी म्हणाल्या. "तू खाल्ल्याशिवाय मी इथून हलणारच नाही."

आणि खरंच हलल्या नाहीत. घंटेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मासा गार झाला.

गुरुवारी पोरं जेवून गेल्यावर नवीची आई कारखान्यातून धावतपळत आली. मोठ्या बाईंशी बोलून झालं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. वाफेने लाल झालेले हात, ओढलेला चेहरा. "माझी मुलगी तुम्हाला त्रास देते," ती जुळवत जुळवत म्हणाली. "माफ करा."

मावशींना आल्या आल्या चार शब्द सुनवायचे होते, पण चेहरा पाहिला आणि शब्द आतच राहिले. "सकाळपासून काही खाल्लंय का?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही, पण मावशींना पोट कळतं. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, ताट वाढून हातात दिलं आणि स्वतः पातेली घासायला लागल्या.

थोड्या वेळाने वळून पाहिलं तर ताट तसंच. बाई ताठ बसलेली, हात मांडीवर.

"घ्या ना."

"हो, हो."

आणखी एक पातेलं घासून झालं, तरी ताट तसंच! आता मात्र मावशींचा पारा चढला. "तुम्हीपण? मायलेकींनी ठरवून छळ मांडलाय का माझा?"

बाई गोंधळून उठून उभी राहिली. "नाही, नाही. मला खूप भूक आहे. पण... तुम्ही बसा ना."

"मी कशाला बसू? मला कामं आहेत."

"तुम्ही वाढलं," ती म्हणाली. "तुमचं ताट कुठे आहे?"

मावशींच्या हातातली घासणी थांबली. "माझं काय, सगळं आवरलं की इथेच ओट्यापाशी उभ्या उभ्या चार घास खाते मी."

बाई हळूहळू, शब्द शोधत सांगू लागली. त्यांच्याकडे शाळेत मुलंच मुलांना वाढतात. आज चौघं, उद्या दुसरी चौघं. "जो वाढतो, तो शेवटी बसतो. तो बसला की मग सगळे खातात. त्याच्या आधी खाल्लं तर... चोरी. नाही, चोरी नाही. पण वाईट दिसतं. लहानपणापासून तसंच."

"मग हे तिने मला सांगायला नको?"

"तिला वाटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मला रोज सांगते, जेवले. मला काळजी नको म्हणून." बाई थांबली. "एकदा घरी म्हणाली होती, त्या मावशींना कुणी जेवायला बोलवतच नाही. मला वाटलं, सहज म्हणाली."

मावशी मटकन दुसऱ्या स्टुलावर बसल्या. त्यांना कालची दुपार आठवली. कमरेवर हात ठेवून, दरोगा उभा राहावा तशा त्या पोरीसमोर उभ्या होत्या. त्यांनी बसायची वाट पोरगी बघत होती आणि पोरीने खायची वाट त्या बघत होत्या. सरांच्या तक्त्यात ताटं होती, पण ताटाशी बसलेलं माणूस एकही नव्हतं, आणि मावशी त्या ताटांवर विसंबल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. मग नाक पुसून त्यांनी आपल्यासाठी एक ताट घेतलं आणि पहिला घास घेतला. समोरची बाई अशी जेवली की मावशींना दोनदा वाढायला उठावं लागलं, आणि दोन्ही वेळा परत बसावं लागलं.

"आज रात्री मी तिला समजावते," जाताना ती म्हणाली. "इथे चालतं, म्हणून सांगते."

तिने समजावलं असणार. कारण शुक्रवारी नवीने ताट घेतलं, बाकावर बसली आणि चमचा चक्क उचलला. मावशी पळी हातात धरून श्वास रोखून बघत होत्या. चमचा ताटापर्यंत गेला. नवीने मान वर करून मावशींकडे पाहिलं आणि चमचा परत खाली ठेवला. जित्याची खोड, ती सांगून थोडीच जाते?

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनीही ते पाहिलं. आज शुक्रवार होता आणि परवा मामा निघणार होता.

"बाई, जरा इकडे या," मावशींनी हाक मारली. "ही पळी धरा."

"मी?"

"नाहीतर कोण? माझी दुसरी बाई आज रजेवर आहे."

मोठ्या बाईंच्या हातात पळी कोंबून मावशींनी ताट घेतलं आणि नवीसमोर जाऊन बसल्या. नवीचे डोळे विस्फारले. तिने चमच्याला हात लावला, आणि मग तिची नजर मावशींच्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिकडे मोठ्या बाई एका पोराच्या ताटात कमी आणि बाहीवर जास्त वाढत होत्या. नवीचा हात मागे आला.

मावशींनी कपाळाला हात लावला. आगीतून फुफाट्यात! एकीला बसवलं तर दुसरी उभी.

"बाई, तुम्हीपण बसा!"

"अहो, आणि या रांगेतल्या पोरांचं काय?"

रांगेतली पोरं भुकेने चुळबुळत होती. मावशी ताडकन उठल्या. "पातेली उचला!" त्या ओरडल्या. "सगळी टेबलांवर आणा. ज्याने त्याने शेजारच्याला वाढायचं. आणि मी सांगेपर्यंत कुणी तोंडात घातलंत तर याद राखा!"

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. दोघांच्यात एक पातेलं नाचत आलं, सूप जमिनीवर सांडलं, कुणी शेजाऱ्याला डोंगराएवढा भात वाढला, कुणी नावडत्या भाजीचा सूड उगवला. नवी उठली आणि आपल्या टेबलावर एकेकाला वाढत गेली, न सांडता, थेंबभरही न सांडता. शेवटी तिने एक ताट मावशींसमोर ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली. मोठ्या बाईसुद्धा भरलेली बाही सावरत बसल्या. भोजनगृहात कुणीच उभं राहिलं नाही.

नवीने चमचा उचलला आणि मावशींकडे पाहिलं.

मावशींपुढे वाफाळतं ताट होतं, दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं. त्यांनी घास उचलला, पण तो तसाच हातात धरून त्या ताटाकडे बघत राहिल्या.

"मावशी, जेवा हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्यापायी अख्खी शाळा उपाशी बसलीये."

मावशींनी घास घेतला. नवीने घेतला. मग एकदम दीडशे चमचे वाजायला लागले. नवी मान खाली घालून जेवत होती, भुकेलं पोर जेवतं तशी, गालाला लागलेलं न पुसता. घंटा झाली, मोठी पोरं दाराशी जमली, आणि मोठ्या बाईंनी तिथूनच त्यांना हाताने थांबवलं. मग बसल्या जागेवरून त्यांनी कारखान्यात फोन लावला.

"जेवली," त्या म्हणाल्या. "हो, पोटभर. मामाला सांगा, एकटाच जा."

 पलीकडून आईने काहीतरी विचारलं, आणि बाईंनी मावशींकडे पाहिलं.

"हो," त्या फोनवर म्हणाल्या. "त्याही जेवतायत."