उलट्या हाताची लेस

"उसवा," कॅशियरबाई म्हणाल्या. "सगळं उसवा आणि पहिल्यापासून करा. सुरुवातच चुकलीये."

नवीन आलेल्या मुलीचा चेहरा उतरला. मुलगी कसली, चांगली तिशीची बाई होती. पण वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर बुधवारी जमणाऱ्या या मंडळींत केस काळे असलेलं कोणीही मुलगीच. तिने आणलेली उशी अजून टॉवेलात अर्धी गुंडाळलेली होती. उशीवर लेसची पट्टी, पट्टीत खोचलेल्या टाचण्या आणि खाली धाग्यांच्या टोकांना लाकडी कांड्या. या कांड्या जोडीजोडीने एकमेकींवरून ओलांडायच्या, पीळ द्यायचा, टाचणी खोचायची, की लेस होते. सांगायला एवढंच. करायला बसलं की भलेभले रडकुंडीला येतात.

"पण वरची सगळी माझी नाहीये," मुलगी म्हणाली. "सासूबाईंची आहे. माझा फक्त हा खालचा तुकडा. मोबाइलवर बघून बघून केलाय."

"मग सासूबाईंची चुकलीये. डावी कांडी उजवीवरून जायला हवी. इथे उजवी डावीवरून गेलीये. वर सगळीकडे." कॅशियरबाईंना बँक सोडून बरीच वर्षं झाली होती, पण समोरच्याचा कागद परत करायची सवय सुटली नव्हती.

"म्हणजे गाडी रिव्हर्सनेच आणली म्हणायची," ड्रायव्हरकाका म्हणाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसून बायकोचं डोकं खायला लागले, तेव्हा तिनेच त्यांना या खोलीत आणून सोडलं होतं. आता नाजूक फुलांची लेस त्यांच्याइतकी सफाईने कोणी करत नसे. "पण आली ना सुखरूप? मग राहू द्या की."

खिडकीशी कांड्यांवर धागा गुंडाळत बसलेली बाई हे सगळं मान वर न करता ऐकत होती. एका इस्पितळात चादरी आणि अभ्र्यांच्या कोठीवर तिची नोकरी. दिवसभर फाटकं वेगळं काढायचं, शिवण्यासारखं शिवायचं, बाकीचं धुवायला पाठवायचं. या मंडळींचा फोनवरही एक गट होता, आणि तिथे कोणी 'माझा धागा सारखा तुटतो' अशी तक्रार केली की पहिलं उत्तर हिचं असे. 'कांडी घट्ट धरू नका, आणि घरात भांडण झालं असेल त्या दिवशी बसू नका.' गटात तिला मावशी म्हणत. माहेरी तिला धाकटी म्हणत. तसं म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्याशी बोलणं नव्हतं. आपण तिला धाकटीच म्हणू.

धाकटी उठली ती सवयीने, मध्ये पडायला. कॅशियरबाईंनी आजवर दोन नव्या बायका पळवून लावल्या होत्या, ही तिसरी जायला नको. मुलीने टॉवेल पुरता बाजूला केला, आणि उशीच्या कडेचं राखाडी ठिगळ दिसलं. जाड, लोकरीचं. धाकटीच्या वडिलांच्या जुन्या कोटाचं.

धाकटी तिथेच खुर्ची ओढून बसली.

"चुकलेली नाही ही," ती म्हणाली. "वरची बरोबर आहे, खालचीही बरोबर आहे. फक्त वरची उलट्या हाताची आहे आणि तुझी सुलट्या. जिथे तू हातात घेतलीस, ती एक ओळ सैल पडलीये बघ. बाकी काही नाही." मग तिने विचारलं, "कोणाकडे शिकल्या सासूबाई?"

"त्यांच्या आईकडे. त्यांची आई डावखुरी होती म्हणे."

"त्या... बऱ्या आहेत ना?"

"झटका येऊन गेला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर जवळ हवेत म्हणून तर इकडे राहायला आलो आम्ही. आताशा माणसंही ओळखत नाहीत. पण उशी लागते. मांडीवर घेऊन बसतात आणि लेस पुढे जात नाही म्हणून चिडतात, कांड्या ओढतात. म्हटलं, रोज थोडी पुढे गेलेली दिसली तर शांत होतील." मुलगी ओशाळून हसली. "त्यांना येत होतं तेव्हा शिकायला हवं होतं मी."

"माहेरचं कोणी?"

"एक बहीण होती म्हणे. त्यांच्याविषयी सासूबाई कधीच बोलल्या नाहीत. म्हणजे, बोलता येत होतं तेव्हाही."

धाकटीने मान डोलावली. ठिगळावरून हात फिरवायची फार इच्छा झाली होती, ती तिने आवरली. "मी येते घरी," ती म्हणाली. "शिकवायला. पण एकही टाचणी काढू नकोस तोवर."

कॅशियरबाईंनी भुवया उंचावल्या. मावशी कोणाच्या घरी जात नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. आई लेस करायला बसली की समोरासमोर दोन स्टुलं असत, एकावर ताई आणि एकावर धाकटी. आई डावखुरी, म्हणून तिचं सगळं उलटं; मुलींनी तेच उचललं. धाकटी चुकली की ताई हातातल्या कांडीने तिच्या मनगटावर टक्कन मारायची. बोलायची नाही, नुसती टिचकी. लागायचं नाही, पण राग यायचा. आई गेली तेव्हा धाकटी इस्पितळात ड्यूटीवर होती. दिवस सरले, माणसं पांगली, आणि धाकटी घरी येऊन बघते तर आईची लेसची उशी नाही. ताई घेऊन गेली होती, न विचारता. धाकटीने फोन केला आणि म्हणाली, "उशी नेलीस, आता आईही तुझीच म्हण." फोन कोणी आधी ठेवला, हे धाकटीला आज आठवत नव्हतं. पुन्हा कोणी उचलला नाही, एवढं खरं. वर्षं कशी जातात ते कळत नाही. आधी राग असतो, मग लाज वाटते, मग न बोलण्याचीच घडी बसून जाते.

उशीशिवाय तिला करमेना, तेव्हा ती या खोलीत आली. कॅशियरबाईंनी तिचा हात बघून 'उलटा आहे' म्हटलं आणि सुलटा शिकवला. धाकटीने तो इरेला पेटून शिकून घेतला. ताईचा हात नकोच होता तिला. आता तिची लेस पुस्तकातल्यासारखी होती, आणि ती करताना तिला कधी कोणाची आठवण येत नसे. असं ती स्वतःला सांगायची.

रविवारी दुपारी ती मुलीच्या घरी गेली. जाण्याआधी तिने तीन स्वेटर घालून पाहिले आणि पहिलाच घातला. मुलीचा नवरा कामावर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लहानशा घरात खिडकीजवळ एक आरामखुर्ची होती, आणि खुर्चीत ताई.

केवढीशी झाली होती. धाकटीच्या मनातली ताई उंच होती, दारातून येताना किंचित वाकणारी. ही खिडकीबाहेर बघत होती. धाकटी समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. रागाने नाही. पाहुणं कोणी आलं की बघतात, तसं.

"आई, या शिकवायला आल्यात," सून मोठ्याने म्हणाली, आणि धाकटीला म्हणाली, "बसा हं, चहा टाकते."

धाकटीला वाटलं होतं, आपण कोण ते येताच सांगून टाकावं. वाटेत तिने वाक्य जुळवलंही होतं. आता ते कोणाला सांगायचं? तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, ताईच्या मांडीवरची उशी दोघींच्या मध्ये येईल असं सरकवून घेतलं आणि समोर बसली. ताईचा उजवा हात मांडीवर पडून होता. डाव्यात एक सुटी कांडी होती, ती सोडत नव्हती.

धाकटीने आईच्या हाताने सुरुवात करायचं ठरवलं होतं. उजवी डावीवरून. बोटं जागी जाऊन बसली, पहिल्या दोन जोड्या ओलांडल्या, पीळ दिला, टाचणी खोचली. अजून येत होतं. मग खाली रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला, लक्ष गेलं, आणि बोटं आपल्या रोजच्या वळणाने गेली. डावी उजवीवरून.

मनगटावर टक्कन लागलं.

धाकटीने वर पाहिलं. ताई तिच्याकडे बघत नव्हती, लेसकडे बघत होती. कपाळाला आठी होती, अगदी तीच. कांडी पुन्हा डाव्या मुठीत जाऊन बसली होती.

"चुकलं, ताई," धाकटी म्हणाली.

सून चहाचे कप घेऊन दारात थबकली. तिने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, दोघींच्या रुंद कपाळांकडे पाहिलं, आणि कप घेऊन आवाज न करता मागे फिरली.

धाकटीने ओलांडलेल्या कांड्या मागे घेतल्या आणि पुन्हा नीट टाकल्या, आईसारख्या. ताईची आठी गेली. ती हळूहळू पुन्हा खिडकीकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा कोणीच ओळखीचं उरलं नाही.

धाकटीने ती ओळ पुरी केली. नवी ओळ घेतली. आईच्या हाताने दोन टाचण्या झाल्या, आणि तिसरीपाशी तिने डावी कांडी मुद्दाम उजवीवरून टाकली. मग बाही थोडी वर सारली, मनगट तिथेच उशीवर ठेवलं, आणि वाट बघत राहिली.