खांद्याचे माप

धक्क्यावर सगळे त्याला चालेलमामा म्हणत. नाव प्रेमाने पडले होते, पण टिकले ते सोयीमुळे. नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीचे इंजिन अठरा वर्षे सांभाळणाऱ्या या माणसाला काहीही विचारले तरी उत्तर एकच येई. रजा पुढे ढकलली तर? चालेल. डिझेल दुपारनंतर आले तर? चालेल. व्याकरणाच्या दृष्टीने हे क्रियापद भविष्यकाळी, तृतीय पुरुषी, एकवचनी. कर्ता मात्र गुलदस्त्यात. काय चालेल, कोणाला चालेल आणि किती दिवस, हे त्यात सांगितलेले नसते, आणि ऐकणाऱ्यालाही ते ऐकायचे नसते. जगातल्या बऱ्याचशा वाईट वस्तू अशा बेवारस क्रियापदावर उभ्या आहेत. त्या बोटीचा जुना डेक त्यांपैकीच एक.

तो प्लायवुडचा होता आणि इंजिनाच्या डोक्यावर त्याला एक झाकण होते, मोठ्या परातीएवढे. मामा पालथा पडून, डोके त्या भोकातून खाली सोडून आणि उजवा हात अंधारात पंपाकडे लांबवून इंजिनाची सेवा करी. नोकरीच्या अठराव्या वर्षी उजव्या खांद्याने कसलीही पूर्वसूचना न देता काम सोडले. डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर नेण्यास आणि उलटे लटकण्यास मनाई केली. उलटे लटकणे हा एखाद्याच्या नोकरीचा भाग असू शकतो, हे त्या विद्वान गृहस्थांना त्या दिवशी प्रथमच कळले.

प्लायवुड तसेही कुजले होते. फेरीसंस्थेने ॲल्युमिनियमचा नवा डेक बांधायचे ठरवले आणि व्यवस्थापकांनी मामासमोर एक अट ठेवली. नदीचे पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात एक रबरी चक्री असते. तीत कचरा अडकला की तिची पाती तुटतात, इंजिन तापते आणि बोट भर प्रवाहात बंद पडते. तिथून वाहत पुलाच्या खांबांवर आदळायला तिला वीस मिनिटे पुरतात. तेव्हा नव्या डेकवर मामाने ती चक्री एकट्याने, वीस मिनिटांच्या आत बदलून दाखवावी. जमले तर इंजिन त्याचे. नाही जमले तर तिकिटांची खिडकी, खुर्ची आणि पंखा.

मामा म्हणाला, ‘‘चालेल.’’

डेकचे काम त्याच्या भाचीकडे आले. घरात तिला ठिणगी म्हणत, कारखान्यात ताई. एक्केचाळिसाव्या वर्षी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बारीक भाजल्याच्या खुणांनी गोंदलेले होते. ॲल्युमिनियम जोडण्याचे काम ती वडिलांकडून शिकली, आणि प्लायवुडचा तो जुना डेकही तिच्या वडिलांनीच बांधला होता. वडील आता नव्हते. डेक होता.

नकाशा संस्थेच्या सल्लागारांनी काढला. त्यांना धक्क्यावर नकाशेवाले साहेब म्हणत. नकाशा देखणा होता, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. एकसलग, गुळगुळीत डेक, इंजिनाच्या बरोबर वर एक झाकण, झाकणाखाली मधोमध एक पक्की आडवी तुळई, आणि कोपऱ्यात सुबक अक्षरांत शब्द: सुगम प्रवेश. प्रमाण कळावे म्हणून शेजारी एक माणूस उभा केला होता. त्याला डोके होते, धड होते, दोन सरळ हात होते. कोपर मात्र नव्हते. ज्या माणसाला कोपर नाही त्याच्यासाठी कोणताही प्रवेश सुगमच असतो. साहेबांचे ग्रंथालय मोठे होते, पण त्यातल्या एकाही पुस्तकाच्या पानाला ग्रीस लागलेले नव्हते.

ठिणगी साहेबांपेक्षा शहाणी, म्हणून तिने झाकण नकाशापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठे धरले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीवर तिने चौकटीच्या पट्ट्या मांडल्या, तारेच्या ब्रशाने कडा घासून चकचकीत केल्या आणि जागोजागी जोडकामाचे नुसते कच्चे टाके मारले, म्हणजे चूक निघाली तर तोडता येतील. लोखंड तापले की लाल होते, सांगते की आता जपा. ॲल्युमिनियम सांगत नाही. ते शेवटपर्यंत पांढरे, शांत दिसते आणि मग एकदम खाली गळते. त्याच्याशी वागायचे तर रंग पाहून चालत नाही, दुसऱ्याच कशावरून तरी ओळखावे लागते. हे तिला धातूबद्दल वीस वर्षे ठाऊक होते. माणसाबद्दल ठाऊक व्हायला अजून दोन तास होते.

तिने मामाला बोलावले. मामा वाकला, डावा हात खाली घातला, मग उजवा, मग थोडा वेळ दिसेनासा झाला. वर आला तेव्हा चेहऱ्यावर घाम होता आणि हसू होते.

‘‘कसं आहे, मामा?’’

‘‘चालेल की.’’

तिने समाधानाने मान डोलावली आणि पक्क्या जोडकामाची तयारी सुरू केली. हीच ती चूक, आणि ती या घराण्याची होती. एकाने आदराने विचारायचे, दुसऱ्याने मायेपोटी खोटे सांगायचे, आणि दोघांनी मिळून त्याला संमती म्हणायचे. मोठमोठे करार याच पद्धतीने होतात, हे खरे. पण करारांना खांदा नसतो.

दुपारी मामी दोघांचा डबा घेऊन आली. जेवता जेवता ठिणगीने सांगितले की चौकट मामाला पसंत पडली, अगदी लगेच चालेल म्हणाला. मामीने घास खाली ठेवला. मामा हात धुवायला नळावर गेला होता. तो पुरेसा लांब आहे, हे तिने आधी पाहून घेतले.

‘‘मी लग्नाचं विचारलं तेव्हाही हा चालेलच म्हणाला होता. काय चालेल, ते मी अजून शोधतेय.’’ मग ती हसायची थांबली. ‘‘त्याच्या तोंडाला काही विचारत जाऊ नकोस. त्याच्या शर्टाला विचार. मी धुते ना, मला माहीत आहे.’’

उजव्या खांद्यावरचे कापड दर सहा महिन्यांनी विरते, तिने सांगितले. कॉलरच्या खाली, नेमक्या एकाच जागी. ती तिथे आतून ठिगळ लावते आणि तो विचारत नाही की हे कशाला.

ठिणगी उठली आणि कारखान्यामागे गेली. जुन्या डेकचे तुकडे तिथे भिंतीला टेकवून ठेवले होते. झाकणाची चौकट तिने उजेडात ओढली. उजव्या बाजूच्या कडेला एक खोलगट बाक होता. तोडताना तिला वाटले होते, कुजले असेल. आता तिने त्यावरून बोट फिरवले. कुजलेले लाकूड भुसभुशीत असते. हे काचेसारखे गुळगुळीत होते. तिने आपला खांदा त्या खळग्यात ठेवून पाहिला. गळ्याचे हाड त्यात असे बसले, जणू कोणी माप घेऊन कोरले होते.

कोणी माप घेतले नव्हते, इतकेच. अठरा वर्षे एक माणूस आपल्या हाडाने लाकडावर अहवाल लिहीत होता. रोज थोडा, न चुकता, कोणाकडेही तक्रार न करता. संस्थेत वाचणारे पुष्कळ होते. नियम वाचत, पत्रके वाचत, एकमेकांची भाषणे तर अगदी मन लावून ऐकत. हा एक दस्तऐवज तेवढा कोणी उघडला नाही. त्यावरून पाय टाकून जाणाऱ्यांत ती स्वतःही होती.

तिने कारखान्यातली निळी खडू पावडर घेतली आणि नव्या चौकटीच्या आतल्या सगळ्या कडांना, मधल्या तुळईलासुद्धा, हाताने चोळली. मग मामाला म्हणाली, पुन्हा एकदा उतर, या वेळी पंपाचं झाकण खरोखर खोलून दाखव. मामाने विचारले, आत्ताच तर पाहिलं ना? ती म्हणाली, माझ्यासाठी.

तो उतरला. वर आला तेव्हा म्हणाला, ‘‘चालेल गं. उगाच काळजी करतेस.’’

उजव्या खांद्यावर, कॉलरच्या खाली, निळा पट्टा होता. छातीवर तुळईचा आडवा पट्टा होता. डाव्या कानाच्या टोकावरही थोडे निळे लागले होते, त्यामुळे तो जरा विनोदी दिसत होता. मामीने फक्त बोट दाखवले. मामाने मान खाली घालून स्वतःचा शर्ट पाहिला, आणि खोटे बोलताना पकडलेल्या मुलासारखे त्याचे कान तांबडे झाले, एक निळ्याखालून.

‘‘बाबांनी विचारलं होतं तुला? तेव्हा?’’ ठिणगीने विचारले.

‘‘विचारलं होतं.’’

‘‘मग?’’

मामाने शर्टावरचा खडू झटकला. ‘‘दाजी फार राबले होते गं. आणि रंगही लावून झाला होता.’’

ठिणगीने ग्राइंडर उचलला आणि सकाळपासून मारलेले सगळे टाके एकेक करून तोडले.

मग तिने वेगळ्या रीतीने सुरुवात केली. इंजिनाच्या डाव्या अंगाला, जिकडे पंप होता, तिकडे मामाला एका उलट्या डब्यावर बसवले आणि सांगितले, हात कुठे सुखाने पोचतो ते दाखव. कोपर कमरेपाशी, पंजा समोर. तिथे तिने खूण केली. दुखायला कुठे लागते? तिथे दुसरी. मामा प्रत्येक वेळी ‘‘इथवर चाल–’’ असे सुरू करी आणि ती खडू वर धरी, की तो गप्प होई आणि खरी जागा दाखवी. संध्याकाळपर्यंत बोटीच्या पोटात एका माणसाच्या पोचेचा निळा नकाशा तयार झाला होता.

त्यावरून तिला जे दिसले ते इतके साधे होते की तिला स्वतःचीच लाज वाटली. झाकण इंजिनाच्या डोक्यावर कधी नकोच होते. इंजिनाच्या शेजारी माणूस उतरून बसेल एवढी जागा हवी होती, आणि झाकण त्या जागेवर. मधली तुळई काढली तर डेक खचेल, म्हणून ती बोल्टांवर बसवायची, हवी तेव्हा सुटणारी; पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनच्या चकत्या, नाहीतर पाण्यात दोघांची संगत ॲल्युमिनियमला खाऊन टाकते. झाकणाला गाडीच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे, म्हणजे ते एका बोटाने उठेल. कडेने पन्हळ, म्हणजे वर सांडलेले पाणी मामाच्या मानेत न जाता बाहेर जाईल.

नकाशेवाले साहेब दुसऱ्या दिवशी आले आणि फार वेळ उभे राहून पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले की यामुळे डेकची सलगता भंग पावते, आणि प्रवेश हा इंजिनाला द्यायचा असतो.

‘‘साहेब, इंजिन कुठे जात नाही,’’ ठिणगी म्हणाली. ‘‘प्रवेश माणसाला लागतो.’’

साहेबांना राग आला असावा, पण त्यांना आकडेमोड येत होती, आणि आकडेमोड येणाऱ्या माणसाबद्दल आशा सोडू नये. त्यांनी तुळईची जाडी विचारली, बोल्टांमधले अंतर विचारले, खिशातून पेन काढून त्या उलट्या डब्याच्या बुडावरच हिशेब मांडला, तो खोडला, पुन्हा मांडला. बोल्ट चार नव्हे, सहा हवेत, असे म्हणाले. ते बरोबर होते आणि ठिणगीने ते मान्य केले. आठवड्याने सुधारलेला नकाशा आला. झाकण बाजूला होते. शेजारचा माणूस आता खाली बसलेला होता आणि त्याचा हात मधोमध वाकवलेला होता. रेघ जरा थरथरलेली होती; साहेबांनी कोपर आयुष्यात पहिल्यांदाच काढले असावे.

परीक्षेच्या सकाळी बोट पाण्यावर होती. नव्या डेकचा खवल्यांचा पत्रा उन्हात चमकत होता आणि त्यावर ओल्या पायांनी चालूनही कोणी घसरत नव्हते. व्यवस्थापक घड्याळ घेऊन उभे राहिले. साहेबही आले होते. मामी धक्क्यावर बाकावर बसून नदीकडे पाहत असल्याचे भासवत होती. ठिणगीने हात मागे बांधले.

मामाने एका बोटाने झाकण उचलले, सहा बोल्ट सोडवून तुळई बाजूला ठेवली. पायरीवर पाय ठेवला, खाली उतरला, बसला. त्याचे डोके डेकच्या वर राहिले, हे जुन्या काळात कधी घडले नव्हते. पाण्याचा कॉक बंद केला. स्क्रू सुटल्याचा आवाज आला. एकदा त्याने डावा हात बदलून उजवा पुढे केला आणि ठिणगी वाकून पाहू लागली, पण कोपर कमरेपाशीच होते. जुनी चक्री बाहेर आली, नवी आत गेली, इंजिन सुरू झाले आणि बोटीच्या कुशीतून पाण्याची धार धडधडत नदीत पडू लागली.

‘‘चौदा मिनिटं,’’ व्यवस्थापक म्हणाले. घड्याळ खिशात टाकत त्यांनी सवयीने, उत्तराची वाट न पाहता विचारले, ‘‘काय मामा? चालेल ना?’’

मामाने उघड्या झाकणाकडे पाहिले. मग ठिणगीकडे. मग पुन्हा झाकणाकडे.

‘‘नाही चालणार,’’ तो म्हणाला.

धक्क्यावर मामी उभी राहिली.

व्यवस्थापकांना वाटले आपण चुकीचे ऐकले. ते म्हणाले, पण चौदा मिनिटांत तर झालं. मामा म्हणाला, काम चाललं, झाकण नाही चालणार. त्याचा आवाज बारीक होता, पण तो थांबला नाही.

‘‘कडी बाहेरून आहे. आतून नाही. दांडा निकामी झाला आणि झाकण पडून कडी लागली, तर खाली वाकलेला माणूस आतच.’’

साहेब खाली वाकले, झाकण आतून चाचपून पाहिले आणि नकाशावर एक खूण केली. व्यवस्थापकांनी कपाळ पुसले आणि म्हणाले की आतली कडी आजच बसवा, आणि इंजिनावर हाच माणूस राहील, हे आता काय विचारायचे; ज्याला अशी गोष्ट दिसते त्याला तिकिटांच्या खिडकीत बसवणे संस्थेला परवडणार नाही.

मामाचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. तो अजून खालीच बसला होता आणि आजूबाजूला असा पाहत होता जणू घर नव्याने मिळाले आहे.

‘‘पायरीही दोन बोटं वर हवी,’’ तो म्हणाला.

ठिणगीने खिशातून निळा खडू काढला, गुडघे टेकले आणि पायरीच्या वर रेघ ओढली. तिला नीट दिसत नव्हते, त्यामुळे रेघ वाकडी गेली. तिने ती पुसून पुन्हा ओढली.

‘‘आणखी?’’ तिने विचारले.

मामा विचार करू लागला. बाकावरून मामी ओरडून म्हणाली की त्याला घाई करू नका, अठरा वर्षांचं साठलेलं आहे.